बाबांचा पिवळा लॅपटॉप

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. मधे दोनदा सुरुवात केली आणि अर्धवट सोडली. आज लिहूनच टाकतो, कारण दोघा-तिघा ब्लॉगमित्रांनी विचारलं आणि परवा आत्यानेही फोनवर विचारलं, की दादाच्या डोळ्यांचं आणि त्या लॅपटॉपचं नेमकं झालं तरी काय. आत्या, मधला तांत्रिक भाग कंटाळवाणा वाटला तर खुशाल गाळावा. शेवट कळेल.

तर मंडळी, गोष्ट आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या घरातली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बडनेऱ्याहून यवतमाळ रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. तालुक्याचं ठिकाण, टेकडीवर खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ, खाली सोयाबीन, कपाशी आणि तूर. हल्ली समृद्धी महामार्गही आमच्या तालुक्यातून गेलाय. बाबा तिथेच राहतात. मास्तरकी करून निवृत्त झाले. माझा २०१२ सालचा लॅपटॉप मला नको झाला तेव्हा मी त्यावर लिनक्स मिंट टाकून तो त्यांना दिला. वयाच्या पासष्टीनंतर हा माणूस इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकला, आणि माझ्यापेक्षा वेगात मराठी टाइप करतो. (मी अजून रोमनमधून लिहितो. त्यावरून बोलणी खातो ते वेगळंच.)

लॅपटॉपवर त्यांची दोनच कामं. एक म्हणजे सकाळी वर्तमानपत्रं, कापूस-सोयाबीनचे भाव आणि मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचणं. दुसरं म्हणजे आजोबांच्या जुन्या वह्या टाइप करणं. कोणत्या साली किती बोंडं लागली, जिनात कापूस काय भावाने गेला, कोणाकडे किती उसने दिले, कोणाचं लग्न कधी झालं असा सगळा मसाला त्या वह्यांमध्ये आहे. शाई उडत चाललीय. घरच्यांसाठी तो मजकूर राहावा म्हणून बाबा रोज एक पान टाइप करायचे.

२०२५ च्या जुलैमध्ये, आषाढीच्या सुमारास त्यांचा फोन आला.

"लॅपटॉपचा पडदा पिवळा पडून रायला रे. अक्षरं अंधारात असल्यासारखे दिसतात."

मी म्हटलं ब्राइटनेस वाढवा. फंक्शनचं बटण दाबून वरचं सूर्याचं बटण. "वाढवलं. फुल हाय. तरी तसंच." मग म्हटलं पडदा जुना झाला असेल, तेरा वर्षांचा लॅपटॉप आहे. तो विषय तिथेच संपला. माझ्यापुरता.

आठवड्याने दुसरा फोन. आता वर्तमानपत्र उघडत नाही. ब्राउझर काहीतरी इंग्रजीत धोक्याची सूचना देतो. बाबा वाचून दाखवायला लागले. पहिली ओळ झाली, आणि मी मीटिंगमध्ये होतो म्हणून त्यांना मधेच तोडलं. "बाबा, ते सगळं वाचू नका, बंद करून परत उघडा." हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते आता विसरता येत नाही.

मग सुरू झाली माझी दूरस्थ डॉक्टरकी. शेजारचा बारावीतला पोट्टा हाताशी धरला. त्याला म्हटलं, ब्राउझरची साठवण पुसून टाक. फरक नाही. नवीन प्रोफाइल बनव. फरक नाही. ब्राउझर जुना असेल, अपडेट कर. अपडेट होईना! टर्मिनलवर संदेश आला तो त्याने व्यवस्थित वाचून दाखवला: भांडारातली यादी 'अजून वैध नाही'. झालेली नाही, अजून व्हायची आहे. मी काय अर्थ काढला? मिरर बिघडलाय, दुसरा निवड. त्याने बिचाऱ्याने तीन मिरर बदलून पाहिले.

माझ्यासारख्या माणसाने हे करावं याची लाज वाटते, कारण आम्ही काही कालचे लिनक्सवाले नाही. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, उबुंटूच्या फुकट सीडी पोस्टाने घरी यायच्या. (२०११ मध्ये ती योजना बंद झाली.) माझी पहिली सीडी नांदगावच्याच पत्त्यावर आली होती आणि पोस्टमनकाकांनी विचारलं होतं, परदेशातून कॅसेट मागवली का म्हणून. तेव्हा लिनक्स टाकलं की पडदा हमखास काळा व्हायचा, नाहीतर ८०० बाय ६०० वर अडकून बसायचा. मग त्या एक्स-ऑर्गच्या फाइलमध्ये मॉनिटरची वारंवारिता हाताने लिहायची, सेव्ह करायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि पुन्हा चालू करायचं. देवनागरीची तर आणखी तऱ्हा. पॅंगोशिवाय बांधलेल्या फायरफॉक्समध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. २००८ च्या जूनमध्ये फायरफॉक्स ३ आला तेव्हा कुठे लिनक्सवर मराठी ब्लॉग सुखाने वाचता येऊ लागले. त्यानंतरही 'शेतकऱ्यांना' मधला तो अर्धा र कित्येक ठिकाणी रफार होऊन य च्या डोक्यावर बसायचा. युनिकोडमध्ये त्यासाठी ऱ आहे, पण कीबोर्डवर तो कुठे आहे ते निम्म्यांना माहीत नसायचं. बाबांना माहीत आहे. ते मला दुरुस्त करतात.

असो. विषय भरकटला.

ऑगस्टमध्ये मी त्या पोट्ट्याला म्हटलं, पडद्याचा स्क्रीनशॉट काढ आणि मला पाठव. त्याने केबलने मोबाइलवर घेऊन पाठवला. मी इथे उघडून पाहिला. पांढराशुभ्र! पिवळेपणाचा मागमूस नाही. मग म्हटलं, मोबाइलने पडद्याचा फोटोच काढून पाठव. तो आला, तोही बऱ्यापैकी पांढरा. मी त्यालाच विचारलं, तुला काय दिसतं? तो म्हणाला, "थोडा पिवळा वाटते काका, पण जुना हाय ना." जुना हाय ना! मीच हे वाक्य सगळ्यांच्या तोंडात घालून ठेवलं होतं.

आणि मी निष्कर्ष काढला: स्क्रीनशॉट पांढरा आहे, म्हणजे लॅपटॉप ठीक आहे. म्हणजे दोष बाबांच्या डोळ्यांत आहे.

तसं वाचलेलंही होतं. मोतीबिंदूचा एक प्रकार असतो, त्यात डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळट-तपकिरी होत जातं आणि सगळं जग चहाच्या पाण्यातून पाहिल्यासारखं दिसू लागतं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची मोतीबिंदूच्या काळातली चित्रं लाल-पिवळ्या रंगात बुडालेली आहेत. १९२३ मध्ये, बयाऐंशीव्या वर्षी त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. हे सगळं मी बाबांना फोनवर ऐकवलं. मोनेसकट. वरून सांगितलं, अमरावतीला जाऊन डोळे दाखवून या.

ते गेले नाहीत. त्यांनी फक्त लॅपटॉपवरचं काम थांबवलं. वह्या पुन्हा कपाटात गेल्या. संध्याकाळनंतर गाडी चालवणं सोडलं. शेजाऱ्यांना म्हणाले, "आता डोळे गेले आपले." मला यातलं काहीच सांगितलं नाही. आणि सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री फोन करून अगदी साध्या आवाजात म्हणाले:

"सुट्टी भेटली तर येऊन जा. शेताचे कागद करून घेऊ तुझ्या नावावर. सातबारा, फेरफार, सगळं. मले वाचता येते तवरक. न वाचता सही नाई करायची मले."

मी दसऱ्याला गेलो.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा सुमार. बाहेर चांगलं ऊन, गावात सोयाबीन काढणीची गडबड. बाबांनी कागदांची पिशवी टेबलावर काढून ठेवली होती. मी म्हटलं, आधी लॅपटॉप पाहू. त्यांनी भिंतीवरचं बटण चालू केलं, लॅपटॉप चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि त्या वाचायच्या आत बाबांनी एफ-वन दाबलं.

"थांबा थांबा, हे काय होतं?"

"ते रोजच विचारते. एफ-वन दाबलं का जाते."

"कधीपासून?"

"झाले दोन-अडीच महिने."

"मग मला सांगितलं नाही?"

"तू पडद्याचं विचारलं. हे तर पडद्याच्या आधीचं हाय."

पडदा आला. खरोखरच पिवळा. नुसता पिवळा नाही, मंद. एखाद्याने कंदिलाची काच पुसलीच नाही तसा. मी खालच्या कोपऱ्यात पाहिलं. घड्याळात वाजले होते १:४७. माउस नेऊन तारीख पाहिली तर साल २०२२.

मी एक मिनिट तसाच बसलो. मग हसू आलं, मग ते गेलं.

झालं होतं असं. लॅपटॉपच्या पोटात एक छोटा गोल सेल असतो, मनगटी घड्याळात असतो तसा. मशीन बंद असताना तारीख-वेळ तोच जपतो. आमचा सेल कधीच संपला असणार. पण मोठी बॅटरी जागेवर होती तोवर तिच्या जिवावर घड्याळ चालत होतं. २०२५ च्या मेमध्ये ती बॅटरी फुगली म्हणून मीच काढून टाकली आणि म्हटलं, आता सरळ चार्जर लावून वापरा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. विजा कडाडायला लागल्या की बाबा रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात, गेली चाळीस वर्षं करतात. झालं! रात्री सेल नाही, बॅटरी नाही, वीज नाही. घड्याळ रोज सकाळी नव्याने जन्माला यायचं. मशीन म्हणायचं आज २००९ सालचा एक जानेवारी. लिनक्स त्यापेक्षा थोडं शहाणं, आपण स्वतः बांधले गेलो त्या दिवसाच्या मागे ते जात नाही, म्हणून ते २०२२ मध्ये येऊन थांबायचं. दररोज, नेमकं रात्रीच्या पावणेदोनच्या आसपास.

आता ब्राउझर. कोणतंही सुरक्षित संकेतस्थळ आपलं प्रमाणपत्र दाखवतं. त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. २०२५ मध्ये दिलेलं प्रमाणपत्र २०२२ मध्ये बसलेल्या ब्राउझरला दाखवलं तर तो म्हणणारच, हे अजून सुरूच झालेलं नाही. अपडेटची यादी 'अजून वैध नाही' तेही त्याच कारणाने. आणि मी ज्या सूचनेवर बाबांना तोडलं होतं ना, ती त्या दिवशी शांतपणे पूर्ण वाचली. दुसऱ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं की तुमच्या संगणकाला आजची तारीख २०२२ सालची वाटते, त्यामुळे जोडणी होत नाही, घड्याळ तपासा. बाबा तेच वाचून दाखवणार होते.

आणि पिवळा रंग? तो मीच लावला होता. २०२३ च्या दिवाळीत, बाबा रात्री वाचतात, डोळ्यांना त्रास नको म्हणून मी रेडशिफ्ट नावाचा प्रोग्राम बसवला. नांदगावचे अक्षांश-रेखांश घातले, साधारण २०.७ उत्तर, ७७.८ पूर्व. सूर्य मावळला की पडदा आपोआप पिवळट आणि थोडा मंद होतो, उगवला की पुन्हा पांढरा. सूर्य कुठे आहे हे तो खिडकीतून पाहत नाही, घड्याळावरून गणित करतो. घड्याळ म्हणतंय पावणेदोन. म्हणजे रात्र. बाबा सकाळी नऊला बसले काय आणि दुपारी बाराला बसले काय, त्या लॅपटॉपवर तीन महिने सूर्य उगवलाच नाही.

स्क्रीनशॉटचं कोडंही मग सुटलं. रेडशिफ्ट चित्राला हात लावत नाही. चित्र पडद्याकडे निघतं तेव्हा शेवटच्या टप्प्यावर, ग्राफिक चिपमधल्या गॅमा तक्त्यात तो रंग बदलतो. स्क्रीनशॉट त्याच्या आधीच घेतलेला असतो. म्हणून तो पांढरा. आणि मोबाइलचा कॅमेरा स्वतःच पांढऱ्याचा अंदाज बांधून पिवळेपणा बराचसा धुऊन टाकतो. मी ज्या दोन पुराव्यांवर बाबांचे डोळे दोषी ठरवले, त्या दोघांनाही ही गोष्ट दिसणं शक्यच नव्हतं. पोट्ट्याच्या डोळ्यांना दिसत होती. बाबांच्याही.

तुम्ही विचाराल, इंटरनेट लागलं की घड्याळ आपोआप जुळत नाही का? जुळतं. पण तेही मीच बंद केलं होतं! सुरुवातीला या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होती. विंडोज मशीनच्या घड्याळात आपली भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ मानतं. त्यामुळे इकडून तिकडे गेलं की वेळ साडेपाच तास पुढे-मागे व्हायची. वैतागून मी आपोआप जुळवणी बंद करून टाकली. पुढे विंडोज काढलं, पण ते चालू करायचं राहून गेलं. कितीतरी वर्षं राहून गेलं.

दहा मिनिटांत वेळ लावली, जुळवणी चालू केली. बाबा शेजारी खुर्चीवर बसलेले. मी रेडशिफ्ट बंद केलं आणि पडदा एका क्षणात पांढरा झाला.

ते काही बोलले नाहीत. खुर्ची पुढे ओढली. विश्वकोशाचं पान उघडायला सांगितलं, ते उघडलं. थोडा वेळ वाचलं. मग त्यांनी तळहाताने डावा डोळा झाकला. पाहिलं. मग उजवा झाकला. परत पाहिलं. असं तीन-चारदा केलं.

"उजव्यानं पांढरं हाय," ते म्हणाले. "डाव्यानं अजून पिवळंच हाय."

मला वाटलं सवयीने वाटत असेल. मी रेडशिफ्ट खरंच बंद झालं का ते पुन्हा तपासलं, गॅमा तपासला, सगळं जागेवर होतं. बाबा म्हणाले, "आता लॅपटॉप सोड. भिंत पाह्यली मी, कॅलेंडर पाह्यलं. तिथंबी डाव्यानं तसंच दिसते. आधी दोन्हीकडून पिवळं होतं म्हणून समजत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी अमरावतीला गेलो. डॉक्टरांनी थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून पाहिलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, बराच पिकलेला. उजव्यात नुकती सुरुवात, तो सध्या राहू द्या म्हणाले. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करू, घाई नाही, घाबरण्यासारखंही काही नाही. येताना बसमध्ये बाबा काळा चष्मा लावून बसले होते. मी म्हटलं, माझं चुकलं, तीन महिने तुम्हाला उगाच घाबरवलं. ते म्हणाले, "उगाच कसं? मोतीबिंदू तर निघालाच." मग बडनेरा गेल्यावर म्हणाले, "पण ते फ्रान्सवाल्याचं सांगायची काही गरज नव्हती."

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी चुकीच्या कारणाने बरोबर सल्ला दिला होता, आणि त्या सल्ल्याने ते दवाखान्यात न जाता कागदांच्या पिशवीकडे गेले.

नांदगावच्या स्टँडजवळच्या घड्याळाच्या दुकानातून सेल घेतला, २०३२ नंबरचा, चाळीस रुपये. रॅमच्या झाकणाखालीच त्याची जागा होती. चार स्क्रू. बाबांनी टॉर्च धरला. चालू केल्यावर एफ-वन विचारलं नाही तर म्हणाले, "चुकल्यासारखं वाटते."

नोव्हेंबर २०२५ मध्ये डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी आठ दिवस घरी होतो. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी, की समोरच्या खोलीची भिंत निळी आहे का? मी म्हटलं निळीच आहे, तुम्हीच रंग निवडला होता. "मले हिरवट वाटे," ते म्हणाले. मग घरभर फिरून एकेक वस्तू पाहिली. आईची एक साडी होती कपाटात, ती काढून खिडकीपाशी नेली, बराच वेळ पाहिली आणि घडी घालून ठेवून दिली.

कागदांची पिशवी टेबलावरून कधी उचलली गेली ते मला कळलं नाही. त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही.

वह्यांचं काम पुन्हा सुरू झालंय. आत्या, तुमच्या लग्नाच्या खर्चाचं पान टाइप झालं आहे. आजोबांनी बुंदीचा हिशोब दोनदा लिहिलाय असं बाबांचं म्हणणं आहे. एकदा पाहून कळवावं.

आणि हो, परवा रात्री बाबांचा फोन होता. नव्या डोळ्याला पडदा फार झोंबतो म्हणे. "लय पांढरं दिसते रे. ते तुझं पिवळं लावून दे परत. पण रात्रीपुरतं."

मी म्हटलं, लावतो. आधी सांगा, घड्याळात किती वाजलेत?

"नऊ वाजून बारा. तारीखबी सांगू?"

म्हटलं, सांगा. त्यांनी पूर्ण वाचून दाखवली, आणि मी मधे बोललो नाही.